पलीकडचा कोपरा

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे. वय : पन्नाशीच्या अलीकडे. उंची : मध्यम. हुद्दा : क्षेत्र सहायक, भू-भौतिक सर्वेक्षण शाखा, पुरातन अवशेष खाते. ओळखीची खूण : उजव्या पोटरीवर जुन्या जखमेचे वण. वैवाहिक स्थिती : अविवाहित, कारण विचारले असता "घाई काय आहे" असे उत्तर देतो. कामाचे स्वरूप : जमीन न उकरता जमिनीखाली काय आहे याचा शोध घेण्याकामी यंत्र ढकलणे. वर्तणूक : समाधानकारक. स्वभाव : सावध. धाडसाची आवश्यकता असलेली कामे : आजवर सोपविण्यात आलेली नाहीत.

हे वर्णन खात्यातल्या एका कारकुनाने केलं आणि ते खरं आहे. फक्त "सावध" हा शब्द त्याने माणुसकीपोटी घातला. खात्याच्या शब्दसंग्रहात "भित्रा" असा शेरा नाही, आणि असता तरी तो कायम नोकरीतल्या माणसाला लावता आला नसता.

माणूस भित्रा होता. लिफ्टला भ्यायचा, गॅसच्या नळीला भ्यायचा, ओल्या हाताने कुणी बटण दाबलं तर स्वतःचा हात झटकायचा. साहेबांनी "जरा आत या" म्हटलं की तो आधी आपलं टेबल आवरून ठेवायचा, मग आत नुसता चहा असला तरी. कुणी काही जड उचलताना दिसलं की हा लांबूनच "सावकाश, सावकाश" म्हणायचा, त्यामुळे खात्यात त्याचं नावच सावकाश पडलं होतं. थोरल्या बहिणीकडे त्याला वाघोबा म्हणत. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं, तेव्हा हा हक्क तिचा होता.

या सगळ्या भीतींच्या वर बसलेली भीती म्हणजे कुत्रा. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर एका कुत्र्याने त्याची पोटरी धरली होती आणि सोडायचं नाव घेत नव्हता. ताईने चप्पल काढून कुत्र्याला बडवलं, भावाला पाठुंगळी घेतलं आणि तशीच अनवाणी दवाखान्यात गेली. पोटात इंजेक्शनं घेताना त्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याच्या नखांच्या खुणा तिच्या हातावर पुढे कितीतरी दिवस दिसत होत्या. तेव्हापासून रस्त्यात कुत्रा दिसला की सावकाश रस्ता बदलायचा. कुत्रा झोपलेला असला तरी बदलायचा. झोपलेला कुत्रा उठू शकतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढणं अवघड आहे.

त्याचं काम मात्र भित्र्या माणसाला शोभेल असं होतं. यंत्र दिसायला बाबागाडीसारखं. खाली चपटी पेटी, वर दांडा, दांड्यावर छोटा पडदा. पेटीतून जमिनीत लहर सोडायची आणि खाली कशावर तरी आपटून ती परत आली की तिचा पडसाद टिपायचा. भिंतीचा पडसाद वेगळा, मातीचा वेगळा, लोखंडी पाइपाचा वेगळा आणि पोकळीचा तर अगदीच निराळा. रस्त्यावरून जाणारी माणसं विचारायची, "बाळ कुठंय?" सावकाश म्हणायचा, "खाली आहे." हा त्याचा एकमेव विनोद होता आणि तो त्याने बरीच वर्षं पुरवून वापरला.

बाबागाडी वाटेल तशी ढकलून चालत नाही. जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन आखायचा, एका ओळीने वर जायचं, शेजारच्या ओळीने खाली यायचं, असं करत सगळा चौकोन विंचरून काढायचा. आणि सुरुवात नेहमी रस्त्याजवळच्या, डाव्या हाताच्या कोपऱ्यातून. हा खात्याचा नियम होता, कारण ओळी जोडून नकाशा करणाऱ्या संगणकाला डोळे नसतात. पहिली आलेली ओळ तो डावीकडे ठेवतो आणि पुढच्या तिच्या उजवीकडे रचत जातो. जे दिलं ते खरं मानतो. खात्यात या स्वभावाचे आणखी काही जण होते, पण त्यांना वीज लागत नसे.

शाखेच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडम कमी बोलायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या, म्हणून सावकाश त्यांनाही भ्यायचा. कडक उन्हाळ्यात उपग्रहाने टिपलेल्या एका चित्रात त्यांना गावाच्या जुन्या भागातल्या मोकळ्या मैदानावर फिकट रेघा दिसल्या होत्या. जमिनीत भिंत गाडलेली असली की तिच्यावरचं गवत आधी वाळतं; आकाशातून बघणाऱ्याला ते दिसतं आणि त्यावरून रोज चालणाऱ्याला दिसत नाही. रेघांवरून दोन्ही बाजूंना सारख्याच खोल्या दिसत होत्या, मधे एक अंगण दिसत होतं आणि कडांशी सगळं पुसट होत गेलं होतं, ज्याचा अर्थ कुणाला लागत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आता जमिनीला विचारू." जमिनीला विचारायला सावकाशला पाठवलं.

ते मैदान त्याच्या ओळखीचं होतं. डाव्या हाताला बैठ्या घरांची एक रांग मैदानाकडे पाठ करून उभी होती आणि त्या रांगेत ताईची लाँड्री होती. उजव्या हाताला पत्र्याचं कुंपण, त्यापलीकडे नुसती ओसाड जागा. रस्त्याजवळचा डावा कोपरा, म्हणजे जिथून सुरुवात करायची तो, तिथे मैदानाचं फाटक होतं आणि फाटकाशी चौकीदाराची टपरी.

टपरीला कुत्रा बांधलेला होता.

कुत्रा तांबूस रंगाचा होता, त्याचा एक कान दुमडलेला होता. सावकाश बाबागाडी घेऊन फाटकाशी आला तसा तो उठून उभा राहिला. भुंकला नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याचं निदान काय चाललंय ते कळतं. साखळी होती, पण किती लांब आहे ते गवतात दिसत नव्हतं आणि ती ताणून बघायची सावकाशची तयारी नव्हती. दोऱ्या धरणारा गडी आदल्या दिवशी चौकोन आखून रजेवर गेला होता, तेव्हा बघणारंही कुणी नव्हतं. सावकाशने बाबागाडी वळवली, पत्र्याच्या कुंपणाच्या बाजूने आत शिरला आणि उजव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. चौकोन तो चौकोन, त्याने स्वतःला सांगितलं. संध्याकाळी संगणकवाल्याच्या कानात सांगू, बाबा रे, उलटं रच. तो डावीकडच्या ओळींपर्यंत पोचला तेव्हा चौकीदार कुत्र्याला सोडून कुठेतरी घेऊन गेला होता. सगळं ठाकठीक पार पडलं.

संध्याकाळी संगणकवाल्याच्या खोलीत पाऊल ठेवतो तर आत गर्दी. मॅडम होत्या, साहेब होते, दारात शिपाईसुद्धा माना उंचावून बघत होते. पडद्यावर नकाशा उघडला होता आणि त्याच्या उजव्या कडेला एक मोठा, काटकोनी, स्वच्छ काळा आयत होता. पोकळी. छत शाबूत असलेली, शेकडो वर्षं कुणी न उघडलेली खोली, आणि ती पत्र्याच्या कुंपणाखाली, ओसाड जागेकडे पसरत गेलेली. साहेब म्हणाले, "वा!" साहेब सहसा वा म्हणत नसत.

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सावकाश, कोपरा नेहमीचाच ना?"

उत्तर द्यायला क्षणभराचाच अवधी होता. त्या क्षणात त्याला एवढ्या माणसांच्या तोंडावरचं हसू दिसलं, साहेबांची भुवई दिसली आणि "कुत्र्याला घाबरलात?" हा प्रश्न साहेबांच्या आवाजात ऐकू आला.

"नेहमीचाच, मॅडम," तो म्हणाला.

उद्या मॅडमना एकट्यांना गाठून सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी मॅडम दौऱ्यावर होत्या. त्या परतल्या तोवर नकाशा वरच्या कचेरीत गेला होता. मग तो वर्तमानपत्रात आला. कालचं खोटं आज सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं हेही सांगायला लागतं, आणि हे ओझं रोज थोडं थोडं वाढत होतं. सावकाश रोज सकाळी धीर गोळा करून घरून निघायचा आणि कचेरीच्या जिन्यात तो सांडायचा.

मॅडमना एक गोष्ट सारखी खटकत होती. "ही रेघ बघा," त्या म्हणायच्या. "पोकळीवरून सरळ जाते. हा लोखंडी पाइप आहे. पण त्या बाजूला पाइप कशाला येईल? तिकडे माणूस राहत नाही."

"जुनी नाली असेल," संगणकवाला म्हणायचा.

"जुन्या नाल्या इतक्या शहाण्या नसतात. सावकाश, नक्की ना?"

"नक्की, मॅडम."

असं ठरलं की पोकळी उजव्या बाजूने उघडायची. छताला आधार द्यायला लोखंडी तुळया आणि टेकू लागणार होते. ते घेऊन येणारा ट्रक पोकळीपासून लांब, डाव्या बाजूच्या भरीव जमिनीवर, घरांच्या रांगेच्या मागच्या भिंतीला लागून उभा करायचा. ट्रक सोमवारी येणार होता.

रविवारी सावकाश ताईकडे जेवायला गेला. ताईला नुकतंच एका हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं काम मिळालं होतं आणि त्यासाठी तिने एक भलंमोठं यंत्र आणून मागच्या खोलीत बसवलं होतं. ते सुरू झालं की कपाटातल्या बशा बोलायला लागायच्या.

"बघितलंस?" ताई कौतुकाने म्हणाली. "एका दमात पन्नास चादरी पोटात घेतं."

"आणि मला एक बनियन वेळेवर मिळत नाही," भावोजी म्हणाले.

"तुम्ही हॉस्पिटल आहात का?"

सावकाश दारातच थांबला होता. फरशी पायाखाली थरथरत होती. यंत्र थरथरतं तशी नाही, एखाद्या रिकाम्या पेटीच्या झाकणावर उभं राहावं तशी. त्याने टाच आपटून बघितली. आवाज खाली गेला आणि जरा उशिराने परत आला. आयुष्यभर याच कामाचा पगार घेतला होता त्याने. पडसाद त्याला कळत होता.

"तू पण ऐकलंस ना?" ताई म्हणाली. "हे यंत्र आल्यापासून सुरू झालंय. आणि एक गंमत दाखवते, थांब." कोपऱ्यात मोरीच्या भोकाशेजारची एक फरशी तडकली होती. ताईने तांब्याभर पाणी त्या फटीवर ओतलं. पाणी गेलं. काहीच ऐकू आलं नाही. मग, पाणी गेलं हे विसरायला झालं तेव्हा, खूप खालून आवाज आला. डुबुक.

"आपल्याला तळघर नाही ना हो?" ताईने हसत विचारलं.

"आपल्याला माळासुद्धा नाही," भावोजी म्हणाले.

सावकाशने मोरीकडून मागच्या भिंतीकडे नजर नेली. "ताई," तो म्हणाला, "नळाचा पाइप कुठून येतो गं?"

"मागून. मैदानातून. का रे?"

त्याने डोळ्यांसमोर नकाशा धरला आणि पान उलटावं तसा उलटला. उजवीकडची काळी खोली डावीकडे आली. ती पत्र्याच्या कुंपणाखाली गेली नव्हती. ती घरांच्या रांगेखाली आली होती, या भिंतीखालून, या फरशीखालून, ताईच्या यंत्राखालून, आणि आत किती पसरली होती ते बाबागाडीला दिसलं नव्हतं, कारण बाबागाडी भिंतीशी थांबली होती. मॅडमना खटकणारी ती सरळ रेघ म्हणजे ताईच्या नळाचं पाणी होतं. आणि उद्या तुळयांनी भरलेला ट्रक त्या खोलीच्या छतावर उभा राहणार होता.

"ताई, उद्या दुकान बंद ठेव."

"का?"

"जमीन बरोबर नाही."

ताईने हातातला तांब्या खाली ठेवला. "मागच्या महिन्यात गॅस बरोबर नव्हता. त्याच्या आधी वायर. त्याच्या आधी तो पंखा, म्हणे डोक्यावर पडणार. किती वर्षं माझ्यावर काहीतरी पडतंय बाबा तुझ्या मते. पडत मात्र काही नाही."

"ताई, खरंच."

"वाघोबा, जेवायला बस."

तो बसला. सगळं सांगायचं तर कुत्र्यापासून सांगावं लागणार, आणि समोर भावोजी. जन्मभर त्याने इतक्या गोष्टींची धास्ती घेतली होती की खरी गोष्ट आली तेव्हा त्याच्याजवळ तिच्यासाठी वेगळा आवाजच उरला नव्हता. घरी जाऊन त्याने मॅडमचा फोन लावला आणि पहिल्या घंटीलाच कापला. सकाळी कचेरी उघडताच समोर उभं राहून सांगायचं, असं त्याने ठरवलं. त्या रात्री जी झोप लागली तिला झोप म्हणत नाहीत.

सकाळी तो कचेरी उघडायच्या आधी दारात होता. शिपाई म्हणाला, "मॅडम? त्या घरूनच मैदानावर गेल्या. ट्रक लवकर आलाय ना."

सावकाशने फोन लावला. घंटी वाजत राहिली. खात्याचा दुसरा नियम असा की चौकोनात फोन न्यायचा नाही, यंत्राला बाधा येते. सगळे आपापले फोन जीपमध्ये ठेवतात. हा नियम त्यानेच सगळ्यांच्या अंगवळणी पाडला होता. बंद जीपमध्ये फोन वाजताना त्याला जणू दिसत होते.

मग ताईला लावला. पलीकडून यंत्राची घरघर आली.

"ताई, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता रस्त्यावर ये!"

"काय? ऐकू येत नाही! पुन्हा सुरू झालास का सकाळी सकाळी?" आणि तिने फोन ठेवला.

तो धावत खाली आला आणि दिसेल त्या टॅक्सीत बसला. टॅक्सी निघाली आणि सवयीने त्याच्या तोंडून "सावकाश" आलं. चालकाने वेग कमी केला. "नाही नाही!" तो ओरडला. "जोरात! जोरात चला हो!" असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता, आणि चालकाने आरशातून त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं.

टॅक्सी फाटकाशी थांबली. फाटक उघडं होतं. आत, गवतापलीकडे, ट्रक मागे मागे येताना दिसत होता. त्याचा टी टी टी आवाज चालू होता आणि मागची चाकं घरांच्या भिंतीकडे सरकत होती. मॅडम पलीकडे पाठमोऱ्या उभ्या होत्या. फाटकातून सरळ पळालं तर दोन श्वासांचं अंतर.

कुत्रा उठून उभा राहिला.

सावकाशने एक पाय फाटकात टाकला. कुत्र्याने मान खाली घातली. साखळी गवतात कुठे होती देव जाणे. सावकाशने ओरडायचा प्रयत्न केला; घशातून नुसती हवा आली. त्याच्या जागी दुसरा कुणीही फाटकातून गेला असता. ताईचा जीव पलीकडे होता, आणि हे त्याला कुत्र्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. तरीही त्याचा पाय मागे आला. तो वळला आणि घरांच्या रांगेच्या पुढच्या अंगाने, लांबच्या रस्त्याने धावत सुटला. धावताना तो रडत होता. भीतीने की रागाने, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही.

लांबचा रस्ता लाँड्रीच्या दारावरून जात होता.

तो आत घुसला तेव्हा फरशी अशी थरथरत होती की पाय ठरत नव्हते. यंत्र चादरी घुसळत होतं आणि भिंतीपलीकडून टी टी टी जवळ येत होतं. भावोजी गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला गेले होते. ताई मागच्या खोलीत, यंत्राजवळच, चादरीच्या घड्या घालत होती.

"ताई, चल!"

"आता काय पडतंय?"

"मी कुत्र्याला घाबरलो गं!" तो म्हणाला. "फाटकाशी कुत्रा होता म्हणून मी पलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. सांगितलं नाही कुणाला. नकाशा उलटा आलाय. खड्डा तिकडे नाही, तुझ्याखाली आहे. ट्रक त्याच्यावर येतोय."

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याच्या उजव्या पायाकडे.

"कुठला कुत्रा? तो तांबडा?"

"हो."

गॅस, वायर आणि पंखा यांवर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता. यावर तिने क्षणात ठेवला. तिने यंत्राचं बटण बंद केलं, दोन पावलांत मागची खिडकी गाठली आणि ती धाडकन उघडली. वर्षानुवर्षं यंत्रांच्या घरघरीवरून गिऱ्हाइकांशी बोलून ताईचा आवाज असा झाला होता की शेजाऱ्यांना तिच्यासाठी घंटीची गरज भासत नसे.

"ए ट्रकवाल्या! थांब! आहेस तिथेच थांब!"

ट्रक थांबला. मॅडम वळल्या आणि खिडकीत ताईच्या खांद्याआडून सावकाशचं पांढरं पडलेलं तोंड त्यांना दिसलं. त्या जवळ यायला लागल्या तसा तो ओरडला, "येऊ नका मॅडम! कोपरा पलीकडचा होता!"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी पायाखालच्या गवताकडे बघितलं, नळाच्या पाइपाच्या दिशेने नजर नेली, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सगळे मागे व्हा. एकेकाने. ट्रकला हात लावू नका. ड्रायव्हर, उतरा. उडी मारू नका, उतरा."

ट्रकचं मागचं एक चाक जमिनीत थोडंसं रुतलं होतं. पाऊस पडला नव्हता.

सावकाशने ताईला दाराकडे ओढलं. अर्ध्यावर ती थांबली. "अरे, चादरी! हॉस्पिटलच्या आहेत, लोकांच्या..."

ती वळली तसं त्याने तिचं मनगट धरलं. दवाखान्यात धरलं होतं तसंच, नखं रुतेपर्यंत. "नाही," तो म्हणाला. ताईने हाताकडे बघितलं आणि त्याच्यामागे चालायला लागली.

दोघं रस्त्यावर येऊन उभी राहिली. शेजारच्या घरांमधून ताईने आवाज देऊन माणसं बाहेर काढली. मग सगळे वाट बघत राहिले, आणि काहीच होईना. एक शेजारी म्हणाला, "काय हो, किती वेळ उभं राहायचं?" दुसरा म्हणाला, "याचं नेहमीचं असेल." सावकाशच्या मनात आलं की देवा, हेसुद्धा खोटं ठरू दे. सगळे हसू देत.

आधी बशांचा आवाज आला. यंत्र बंद होतं, तरी लाँड्रीतल्या कपाटात बशा बोलायला लागल्या. मग घराच्या पोटात कुणीतरी खुर्ची सरकवावी तसा आवाज, आणि मागची खोली खाली बसली. पडली नाही, बसली. फरशी, मोरी, भलंमोठं यंत्र आणि मागची भिंत एकदम खाली गेलं आणि दारातून समोर मैदान दिसायला लागलं. ट्रकची मागची बाजू खाली झुकली, तुळया खणखणत घसरल्या. मग शांतता पसरली. आणि मग खूप खालून आवाज आला, तोच, पण मोठा. पाण्याने यंत्र गिळल्याचा.

ताई रस्त्याच्या कडेला खाली बसली. "वाघोबा," ती म्हणाली, आणि मनगटावरच्या नखांच्या खुणांवरून बोट फिरवलं.

दुपारी मॅडम त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मी दोनदा विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं." त्यांनी फाटकाशी बांधलेल्या तांबड्या कुत्र्याकडे बघितलं. "कुत्रा चावला होता का कधी?"

त्याने पॅंटचा पाय वर करून दाखवला. मॅडमनी मान हलवली आणि निघून गेल्या.

खाली निघाला तो एका विस्मृत नगराचा पाण्याचा हौद, दगडी कमानींवर तोललेला, अजून अर्धा भरलेला. कमानींमधली जी सगळ्यात कच्ची होती तिच्यावर ताई कित्येक वर्षं कपडे धूत होती. मैदान खात्याने ताब्यात घेतलं, तिथे सरकारी पहारा बसला, जुन्या चौकीदाराची टपरी गेली. घरांच्या रांगेतल्या सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळाल्या.

चौकशी झाली. अहवालात असं नमूद आहे की "क्षेत्रीय स्वरूपाच्या स्थानिक अडथळ्यामुळे आरंभबिंदूमध्ये बदल झाला." वर्तमानपत्रांना मात्र एक शूर माणूस हवा होता आणि खात्याकडे द्यायला दुसरा कुणी नव्हता. तेव्हा त्याच कारकुनाने सावकाशचं नवं वर्णन केलं, आणि ते साहेबांच्या सहीने, चौकटीत बसवून त्याला देण्यात आलं : "सदर कर्मचाऱ्याने धोक्याची जाणीव होताच क्षणाचाही विलंब न लावता, जवळच्या मार्गाने धाव घेऊन, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता अनेकांचे प्राण वाचविले. त्याची निर्भयता इतरांना अनुकरणीय आहे."

चौकट ताईने मागून घेतली. तुझ्याकडे ती पलंगाखाली पडेल, म्हणाली, आणि आपल्या नव्या लाँड्रीत गल्ल्याच्या वर लावली. टपरी गेल्यावर त्या तांबड्या कुत्र्याला ठेवायला चौकीदाराकडे जागा नव्हती, म्हणून त्यालाही तिनेच आणलं.

तो दाराशी बांधलेला असतो. सावकाश अजून आत गेलेला नाही. त्याचे कपडे ताई कोपऱ्यावर आणून देते.